अर्धी पाळी मशीनवर, अर्धी देखरेखीवर: पार्ट-टाइम सुपरवायझरी घ्यावी का?

उभा_धागा (धागाकर्ता)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो, चिंचोळी असो की पूर्व भागातले दहा-पंधरा मशीनचे कारखाने असोत, एक पद्धत सगळीकडं दिसते. पूर्ण वेळचा सुपरवायझर ठेवायचा म्हणजे एक पगार वाढतो. मग मालक चांगल्या कारागिरालाच म्हणतात, "तुझं मशीन सांभाळून दोन-तीन तास बाकीच्यांकडं पण बघ." पदाला नाव कधी 'लाइन लीडर', कधी 'हेड', कधी काहीच नाही, नुसतं 'बघ की जरा'.

हे घ्यावं की नाही, घ्यायचं तर कशाच्या बदल्यात, यावर हा धागा. टॉवेल आणि युनिफॉर्म दोन्हीकडच्या जाणकारांनी लिहावं. 'नेतृत्वगुण वाढतात' छाप प्रतिसाद नकोत, ते दिवाळी अंकात वाचतो. आकडे आणि अडचणी लिहा.

हिशोबी

पैशापासून सुरू करू, कारण बहुतेकांची फसगत इथंच होते.

माणूस पीसवर (नगामागं पैसे) आहे की पगारावर, हा पहिला प्रश्न. पगारावर असेल तर भत्ता मिळेल तेवढा वर. पीसवर असेल तर देखरेखीचा प्रत्येक तास हा न शिवलेल्या, न विणलेल्या मालाचा तास आहे. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. आठ तासांत पीसवर ६४० रुपये पडत असतील तर तासाला ८० झाले. रोज दोन तास देखरेखीला गेले की १६० गेले. २६ दिवसांचे ४,१६०. मालक म्हणतो "महिन्याला अडीच हजार जास्त देतो" आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात तो १,६६० रुपयांनी खाली आलेला असतो. आपापला दर घालून हीच बेरीज करा आणि मगच हो म्हणा.

दुसरी गळती वेळेची. सुपरवायझरला पाळीच्या आधी १५-२० मिनिटं यावं लागतं (मशीन, माणसं, माल बघायला) आणि पाळी संपल्यावर १५ मिनिटं थांबावं लागतं (रजिस्टर, पुढच्या पाळीला ताबा द्यायला). रोजची ३५ मिनिटं धरली तर २६ दिवसांत १५ तास १० मिनिटं होतात. वरच्याच दरानं १,२१३ रुपये, आणि जादा कामाच्या दुप्पट दरानं २,४२७. हा पैसा कुणी आपणहून देत नाही, कारण तो हजेरीत कुठं दिसतच नाही. पंचिंगचं मशीन असेल तर आल्या-आल्या आणि निघताना पंच करा. तेवढा एकच पुरावा.

तिसरी गोष्ट भत्त्याच्या नावाची. 'देखरेख भत्ता' म्हणून पगारपत्रकात स्वतंत्र ओळ आली तर तो वेतनात धरला जातो. तोच पैसा 'वाहतूक भत्ता' म्हणून दिला तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या हिशोबात सहसा येत नाही. फरक केवढा? ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, वर्षाला १५ भागिले २६ या हिशोबानं मिळते. शेवटच्या पगारात २,००० जास्त धरले गेले आणि नोकरी २० वर्षं झालेली असेल तर २,००० × १५ ÷ २६ × २० म्हणजे २३,०७७ रुपये. ओळीचं नाव बदललं म्हणून एवढे.

आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा. मर्यादा महिना २१,००० आहे. २०,००० वाल्यानं २,००० चा भत्ता घेतला की तो मर्यादेच्या बाहेर गेला. लगेच नाही, चालू वर्गणी कालावधी (एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च) संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि त्याला जोडलेला लाभ कालावधी संपेपर्यंत संरक्षण राहतं, पुढं नाही. २०,००० वर कामगाराचा पाऊण टक्का म्हणजे १५० रुपये कापले जातात आणि त्यात घरच्यांचा दवाखाना येतो. घरात म्हातारे आईवडील असतील, कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर दोन हजाराच्या भत्त्यापायी हे सोडणं शहाणपणाचं नाही.

होटगी_नाका

थोडक्यात, भत्ता शेंगाचटणीएवढा आणि बोलणी भाकरीएवढी. पुढं चालू द्या.

सुईदोरा

हिशोबींचं गणित बरोबर आहे, पण ते एका बाजूचं आहे. कारागिराचं नुकसान मांडलं, लाइनीचा फायदा मांडला नाही. तो मांडता आला तरच भत्ता वाढवून मागता येतो.

युनिफॉर्मच्या शर्टाची १२ माणसांची लाइन घ्या. एका शर्टाला २० मिनिटांचं काम धरलं तर १२ × ४८० = ५,७६० मिनिटांत शंभर टक्क्यांनी २८८ शर्ट निघायला हवेत. ६० टक्के कार्यक्षमतेला १७३. त्या बारांतल्या एकानं १२० मिनिटं देखरेखीला दिली तर १६९ निघतील. नुकसान चार शर्टांचं.

आता फायदा बघा. लाइन सगळ्यात मंद कामाच्या वेगानं चालते. बाकीची सगळी कामं तासाला २२ होत असतील आणि कॉलर १८ च होत असेल, तर दिवसाला १४४ च शर्ट निघणार. बाकीचे किती का जोर लावेनात, त्यांचा माल फक्त कॉलरपाशी साठत राहणार. फिरणाऱ्या माणसाचं मुख्य काम हा साठा बघणं आहे. कुठं बंडल चढतायत, कुठं माणूस रिकामा बसलाय. दोन तास एक जादा हात कॉलरला दिला, ती १८ वरून २२ वर गेली, की लाइन १७६ वर जाते. चार गेले, ३२ आले. मालकापुढं हा कागद ठेवायचा. दर तासाला फळ्यावर आकडे लिहायची सवय असेल तर महिन्याभरात कागद आपोआप तयार होतो.

पण एक अट आहे आणि ती मोडली की सगळं फसतं. पार्ट-टाइम सुपरवायझर स्वतः अडखळणाऱ्या कामावर बसलेला नसावा. मालक नेमकं उलटं करतात. कॉलर किंवा बाही जोडणारा सगळ्यात हुशार कारागीर, म्हणून त्यालाच सुपरवायझर करतात. मग तो उठला की लाइन थांबते, न उठला की देखरेख थांबते. त्याला काज-बटण, तळपट्टी, खिसा अशा कामावर आणा, जिथं तासाभराचा माल आधी करून ठेवता येतो. मगच पद घ्या.

दोन तास सलगही घेऊ नयेत. वीस-वीस मिनिटांच्या सहा फेऱ्या चांगल्या:

पहिली फेरी पाळी सुरू होताच. प्रत्येक मशीनवर पहिला नग बघायचा: इंचाला १० ते १२ टाके, दोऱ्याचा ताण, सुईचा नंबर (शर्टिंगला ११, पँटच्या जाड कापडाला १४). सुई बोथट झाली की कापडाला बारीक भोकं पडतात आणि ती धुतल्यावर दिसतात, म्हणजे माल शाळेत पोचल्यावर. दुसरी फेरी दोन तासांनी, साठा बघायला. तिसरी जेवणाआधी, चौथी जेवणानंतर लगेच, कारण जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात चुका जास्त होतात. पाचवी चारच्या सुमाराला. सहावी शेवटी, बंडल नंबर आणि साइज-लेबल जुळवायला. युनिफॉर्ममधली सगळ्यात महागाची चूक शिलाईत होत नाही, साइज-लेबल अदलाबदल होण्यात आणि दोन लॉटच्या कापडाची छटा मिसळण्यात होते. पाठ एका लॉटची, पुढचा भाग दुसऱ्याचा. कटिंगला कापडाच्या थरांवर लावलेले नंबर निघू द्यायचे नाहीत, एवढं एक पाळलं तरी निम्मी तक्रार जाते.

सुई तुटली तर सगळे तुकडे सापडेपर्यंत तो नग पुढं सोडायचा नाही. तुकडे रजिस्टरला टेपनं चिकटवायचे आणि मगच नवी सुई द्यायची. लहान मुलांचे कपडे आहेत.

ताणाबाणा

गारमेंटचं गारमेंटमध्ये. टॉवेलला हा नियम चालत नाही, कारण माग माणसाची वाट बघत नाही. इथं प्रश्न एकच: माग कसला आहे?

साध्या जुन्या पॉवरलूमवर बाणा (आडवा धागा) तुटला तर माग थांबतो, पण ताण्याची (उभी) तार तुटली तर बऱ्याच मागांवर थांबत नाही. विणकराच्या डोळ्याला दिसेपर्यंत कापडात उभी रेघ पडत जाते. शिवाय दर थोड्या मिनिटांनी बाण्याच्या सुताची कांडी बदलायची. असल्या मागावरच्या माणसाला 'जरा बाकीचं बघ' म्हणणं म्हणजे त्याच्या मालात खोट पाडणं. हाताखाली कांडी भरणारा, तार सांधणारा मदतनीस दिला तरच विचार करावा. नाहीतर सरळ नाही म्हणावं.

रेपियरवर (धोट्याशिवायच्या नव्या मागावर) ताण्याच्या प्रत्येक तारेला पिन असते. तार तुटली की पिन खाली पडते, माग थांबतो, दिवा लागतो. इथं माणूस फिरू शकतो. तरी फुकट नाही. ३०० आरपीएमचा माग २० मिनिटं उभा राहिला तर ६,००० पिका (बाण्याचे आडवे धागे) गेल्या. सेंटिमीटरला १८ पिका धरल्या तर ३३३ सेंटिमीटर कापड. दीड मीटरचे दोन टॉवेल, आणि पन्न्यात (कापडाच्या रुंदीत) तीन टॉवेल बसत असतील तर सहा. म्हणून स्वतःकडं सहा माग असतील तर सुपरवायझरी घेताना ते चार करून मागा. मागांची संख्या तीच ठेवून पद घेणारे दोन महिन्यांत पद सोडतात, नाहीतर तब्येत.

टॉवेलला बघायचं काय, तर तीन गोष्टी.

पहिली, बीम. टेरीला (लूपवाल्या टॉवेलच्या कापडाला) ताण्याच्या सुताचे दोन बीम असतात, ग्राउंड (पायाचा) आणि पाइल (लूपचा). लूपचं प्रमाण एकास पाच असेल तर १०० मीटर कापडाला ग्राउंडचा ताणा साधारण १०५ मीटर लागतो आणि पाइलचा ५००. म्हणजे दोन्ही बीम एकाच वेळी सहसा संपत नाहीत. पाळी बदलताना पाइल बीमवर किती उरलंय ते बघितलं नाही की तो रात्री दोनला संपतो, गाठणीवाला (नव्या बीमच्या तारा जोडणारा) घरी झोपलेला असतो आणि माग सकाळपर्यंत उभा. ताबा देताना हा आकडा लिहून द्यायचा, तोंडी नाही.

दुसरी, वजन. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल म्हणजे १.१२५ × ४५०, साधारण ५०६ ग्रॅम. पाच टक्के इकडंतिकडं धरले तर ४८१ ते ५३२. तासाला प्रत्येक मागावरचा एक टॉवेल काट्यावर ठेवायचा. हलका भरला तर पाइल बीम ताणला जातोय, लूप बुटका पडतोय. जड भरला तर ग्राहक काही बोलत नाही, पण मालकाचं सूत जातं, आणि ते महिनाअखेरीला सुपरवायझरच्या नावावर निघतं. एक लक्षात ठेवा, मागावरचं वजन आणि धुलाईनंतरचं वजन एक नसतं, कारण खळ निघून जाते. तुलना नेहमी एकाच टप्प्यावरच्या वजनाची करा. बॉर्डरला लूप नसतो, त्यामुळं रुंद बॉर्डरच्या डिझाइनला वेगळा आकडा ठरवून घ्या.

तिसरी, हवा. हे खास आपल्या सोलापूरचं दुखणं. कापूस विणायला शेडमध्ये ७५ ते ८० टक्के आर्द्रता हवी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठाक. खळ दिलेलं सूत कडक होऊन तुटतं. दुपारी दोन ते पाच तारा तुटण्याचा नुसता पाऊस. त्या तासांत विणकर आपल्याच मागाला पुरत नाही, तो दुसऱ्याचं काय बघणार? म्हणून उन्हाळ्यात देखरेखीचे तास सकाळीच ठरवून घ्या. ह्युमिडिफायर चालू आहे की बिलाच्या भीतीनं बंद ठेवलाय, हे बघणंही त्याच यादीत आलं.

होटगी_नाका

ताणाबाणा, जॉबरला विसरलात की. माग दुरुस्त करणारा जॉबर आणि हा नवा 'हेड' यांचं जमत नाही, हे खरं भांडण. माग उभा राहिला की हेड म्हणतो जॉबर आला नाही, जॉबर म्हणतो मला कुणी सांगितलं नाही.

ताणाबाणा

रास्त. त्यावर एकच औषध: मागाला लटकवलेली चिठ्ठी. कधी थांबला, जॉबरला कधी सांगितलं, कधी चालू झाला. वेळेच्या तीन नोंदी, दोन सह्या. महिन्याच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या की दोष कुणाचा ते कळतं, आणि बऱ्याचदा तो दोघांचाही नसतो, स्पेअर पार्ट न आणणाऱ्याचा असतो.

कलम_बहाद्दर

कायद्याची बाजू राहिली. इथं गैरसमज फार आहेत.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये देखरेखीचं काम करणारा आणि महिना १०,००० च्या वर वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येतून बाहेर जायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत हीच मर्यादा १८,००० आहे. बाहेर गेलं की काय जातं? कमी केलं तर कामगार म्हणून दाद मागण्याची वाट, कामगार म्हणून मिळणारी कपात-भरपाई आणि युनियनचं पाठबळ. म्हणजे भत्ता घेऊन १८,५०० झाले आणि पत्रावर 'सुपरवायझर' आलं, की माणूस कुंपणाच्या पलीकडं गेला असं मालकाचा वकील म्हणणार.

पण अर्धवेळ माणसाच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा आहे. न्यायालयं पदाच्या नावाकडं बघत नाहीत, मुख्य काम कोणतं ते बघतात. आनंदबझार पत्रिका (१९७०) आणि एस. के. मैनी विरुद्ध कॅरोना साहू (१९९४) या दोन्ही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी लावली. आठपैकी सहा तास जो मशीनवर आहे त्याचं मुख्य काम मशीनच. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. उत्पादनाचं कार्ड, पीसच्या पावत्या, मागाचं रजिस्टर यांच्या फोटोप्रती महिन्याच्या महिन्याला ठेवा. भानगड होते तेव्हा रजिस्टर कारखान्यात असतं आणि माणूस गेटबाहेर.

म्हणून नेमणुकीच्या कागदावर 'सुपरवायझर' नको. 'ऑपरेटर, अतिरिक्त देखरेखीसह' असं लिहून घ्या.

जादा कामाचा दुप्पट दर जुन्या कारखाना कायद्यातही होता, नव्या संहितांतही आहे. 'सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो' हे वाक्य पूर्ण वेळच्या देखरेखीच्या पदांवरून उचललेलं असतं. सहा तास शिलाई करणाऱ्याला ते लावता येत नाही.

परत फिरायची वाट: केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत कायम कामगाराला नव्या पदावर तीन महिन्यांच्या परीक्षाकाळासाठी घेतलं तर त्या काळात त्याला जुन्या कायम पदावर परत पाठवता येतं, अशी तरतूद होती. पण स्थायी आदेश आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांना सक्तीचे आहेत. सोलापुरात असे किती? म्हणून लहान कारखान्यात ही वाट पत्रातच लिहून घ्यावी लागते. आपोआप काही मिळत नाही.

उभा_धागा

छान माहिती येतेय. एक विचारतो. पैसा आणि कागद झाला, पण अधिकाराचं काय? खाडा मांडायचा कुणी, रजा द्यायची कुणी, एखाद्याला मशीनवरून उठवायचं कुणी? हे न ठरवताच लोक पद घेतात.

पाळीवाला

हाच खरा कळीचा मुद्दा आणि कायद्याच्या पुस्तकात तो नाही.

पार्ट-टाइम सुपरवायझरला साधारण तीन अधिकार लागतात, बाकीचे न घेतलेलेच बरे. एक, माणसाला एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणं. दोन, खराब माल पुढं जाण्याआधी थांबवणं. तीन, धोका दिसला तर मशीन बंद करणं, मालकाला फोन न करता. हे तीन नसतील तर तो सुपरवायझर नाही, निरोप्या आहे.

न घेण्यासारखे: हजेरी भरणं, पीसचा दर ठरवणं, मेमोवर सही करणं, उचल मंजूर करणं. हजेरी हातात आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "अण्णा, अर्धा तास उशीर झाला, लावून टाका की." लावला तर खोटी नोंद, नाही लावला तर वैर. पंचिंगवर किंवा ऑफिसवर सोडा. मेमोवर सही केली की पुढच्या चौकशीत साक्षीदार म्हणून उभं राहावं लागतं, ज्याच्या शेजारी उद्या परत मशीनवर बसायचंय त्याच्याविरुद्ध. लेखी अहवाल द्या, त्यात फक्त घडलेलं लिहा: वेळ, मशीन, नग. शिक्षा काय ती ऑफिस बघेल. आणि उचलीला जामीन राहू नका. सुपरवायझर झालात की लोक विचारतात, आणि माणूस गाव सोडून गेला की मालक तुमच्याकडं बघतो.

रजेचं मात्र आधी गणित हवं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, आषाढीला वारी. या दिवसांत कोण येणार नाही हे पंधरा दिवस आधी माहीत असतं, तरी दरवर्षी कारखान्यांत धावपळ होते. साधा तक्ता करा: आडवी नावं, उभी कामं, ज्याला जे येतं तिथं फुली. एखाद्या कामाखाली एकच फुली असेल तर ते काम दुसऱ्याला शिकवायला घ्या, सणाच्या महिनाभर आधी. एवढा तक्ता जो ठेवतो त्याला मालक सहसा सोडत नाही.

बोलण्याचं एक. पूर्व भागात मागावर तेलुगू, बाजूला कानडी, पॅकिंगला मराठी, चेकिंगला दखनी. दोष सांगायचा तर माणसाच्या भाषेतलं एखादं वाक्य यावं, आणि तो सगळ्यांसमोर सांगू नये. टॉवेल हातात घेऊन त्याच्या मागापाशी जायचं, बोट ठेवायचं. ओरडायला लागत नाही.

अक्का_१७

शिलाईच्या बायकांच्या बाजूनं दोन गोष्टी, कारण युनिफॉर्मच्या लाइनीत निम्म्याहून जास्त त्याच असतात आणि हेडही हल्ली त्यांच्यातलीच नेमतात.

ती पाळीनंतरची १५ मिनिटं बायकांना जास्त महाग पडतात. शेअर रिक्षा सगळ्या मिळून ठरवलेली असते, ती साडेसहाला सुटते. हेड थांबली की तिला एकटीला वेगळे पैसे आणि अंधार. एकतर ताबा पाळीच्या आत द्यायचं ठरवा (शेवटची फेरी २० मिनिटं आधी संपवून), नाहीतर जाण्याचा खर्च पत्रात घाला.

दुसरं, चालू मशीनला हात. हेड झाली म्हणून मोटार-पट्ट्याची लहानसहान दुरुस्ती तिच्याकडं येते. पट्टा चढवणं, तेल घालणं हे मशीन बंद करून, मेन स्विच काढूनच. पदर, ओढणी, बांगड्या, सुटा केस यांचं कारण सांगायला नको. अपघात झालाच तर आधी मशीन बंद, मग प्रथमोपचार, मग नोंद. ईएसआयला अपघाताचा अहवाल २४ तासांत जायला हवा. 'किरकोळ आहे, राहू दे' म्हणून नोंद टाळली आणि बोट पुढं पिकलं, तर लाभ मिळवताना त्रास त्या बाईला होतो आणि 'तेव्हा हेड कोण होती?' हा प्रश्न तुम्हाला.

सुईदोरा

पाळीवाला, एका ठिकाणी असहमत. मेमोवर सही नको हे मान्य, पण खराब माल थांबवण्याचा अधिकार घेतला की एक पेच येतो आणि त्यावर कुणी बोललं नाही. सुपरवायझरच्या स्वतःच्या नगांची तपासणी कोण करणार? तो पीसवर असेल आणि स्वतःचाच माल पास करत असेल, तर लाइनीतला शेवटचा माणूससुद्धा त्याला मानणार नाही, तो कितीही सरळ असला तरी. त्याचे नग वेगळ्या खुणेच्या बंडलात जावेत आणि ते फक्त चेकरनं किंवा ऑफिसनं बघावेत. आणि दुरुस्तीला परत आलेच तर सगळ्यांसारखेच फळ्यावर लिहावेत.

पाळीवाला

मान्य. यादीत घातलं.

सुईदोरा

आणि सीझन. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळं फेब्रुवारी ते मे कारखाना फुगलेला. याच काळात देखरेख जास्त लागते आणि याच काळात मालक म्हणतो, "आता फेऱ्या राहू दे, मशीनवर बस, माल काढ." पण पद जात नाही आणि चूक झाली की जबाबदारीही जात नाही. सीझनमध्ये देखरेखीचे तास कमी केले तर जबाबदारीही तेवढीच कमी, हे आधी बोलून ठेवा. ऑक्टोबरात बोललेलं ऐकून घेतात, एप्रिलमध्ये नाही.

उभा_धागा

आता कुणीतरी पत्राचा मसुदा टाका. सगळे 'लिहून घ्या' म्हणतात, काय लिहायचं ते कुणी सांगत नाही.

हिशोबी

घ्या. लहान कारखान्यात वकिली भाषा चालत नाही, मालक बिचकतो. एका पानात, साध्या भाषेत:

"मी सध्या ऑपरेटर म्हणून काम करत आहे. दिनांक ____ पासून माझ्या सध्याच्या कामासोबत लाइन क्र. ____ ची देखरेख रोज ____ तास करण्यास मी तयार आहे. माझे मूळ पद ऑपरेटर हेच राहील. देखरेखीच्या तासांसाठी मला माझ्या मागील महिन्याच्या पीसच्या सरासरी दराने पैसे आणि दरमहा ____ रुपये देखरेख भत्ता मिळेल व तो पगारपत्रकात वेगळा दाखवला जाईल. पाळीच्या आधी व नंतर थांबावे लागल्यास तो वेळ हजेरीत धरला जाईल. माणसे हलवणे, खराब माल थांबवणे व धोका असल्यास मशीन बंद करणे हे मी करू शकेन. हजेरी, मेमो व उचल माझ्याकडे नसेल. माझ्या नगांची तपासणी दुसरी व्यक्ती करेल. ही व्यवस्था तीन महिन्यांसाठी आहे. त्यानंतर किंवा त्याआधी दोन्हीपैकी कुणीही १५ दिवस आधी सांगून ती थांबवू शकेल व मी माझ्या मशीनवर, पूर्वीच्याच दराने परत येईन."

खाली दोघांची सही, तारीख. प्रत दोन.

'सरासरी दराने' हे शब्द महत्त्वाचे. निश्चित रक्कम लिहिली तर पीसचा दर वाढला तरी ती तिथंच राहते. आणि 'माझ्या मशीनवर' हेही. तीन महिन्यांत चांगलं मशीन दुसऱ्याला जातं आणि परत येणाऱ्याला कोपऱ्यातलं खटारा मिळतं, त्यावर पीस पडत नाहीत.

होटगी_नाका

मालकानं सही केली नाही तर?

कलम_बहाद्दर

तर हाच मजकूर 'आपल्या तोंडी सूचनेप्रमाणे मी ____ तारखेपासून हे काम सुरू करत आहे, माझी समजूत अशी आहे' असा फिरवून मालकाच्या किंवा मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि मग काम सुरू करा. उत्तर नाही आलं तरी तारखेसह मजकूर राहतो. 'असं काही ठरलं नाही' असं उत्तर आलं तर उलट चांगलं, मग काम सुरूच करू नका.

ताणाबाणा

मसुद्यात टॉवेलवाल्यांनी दोन ओळी वाढवा: 'देखरेखीच्या काळात माझ्याकडे ____ ऐवजी ____ माग राहतील' आणि 'रात्रपाळीत गाठणीवाला व जॉबर हजर नसल्यास माग उभा राहिल्याची जबाबदारी माझी नाही.' रात्रीचं हे दुसरं वाक्य नसेल तर रात्रपाळीची सुपरवायझरी कितीही भत्ता दिला तरी घेऊ नका.